बॅटरीच्या उजेडाएवढी वाट

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पेरणी तोंडावर आली असताना आमच्या घरचा कर्ता माणूस गेला. सकाळी धार काढायला म्हणून गोठ्यात गेले, छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आतच सारे संपले.

मातीला आलेले पाहुणे परतले आणि घर खायला उठले. दोन शाळकरी लेकरे, सत्तरीच्या सासूबाई, चार एकर रान आणि डोक्यावर सोसायटीचे कर्ज. कोणाचे देणे किती, बियाणे कोणते, मोटार कशी चालू करायची, मला काहीच ठाऊक नव्हते. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे गेले. कागदावर त्यांच्या नावापुढे ‘मयत’ असे लिहिलेले वाचले आणि पायाखालची वाटच सुचेना. एसटीच्या दोन गाड्या समोरून गेल्या, तरी मी फलाटावर बसूनच होते.

मी ख्रिस्ती घरात वाढलेली. रविवारची उपासना कधी चुकवली नाही. पण त्या दिवसांत प्रार्थनेला डोळे मिटले की मनात एकच यायचे, ‘देवा, असे का केलेस?’ आणि असे विचारणे म्हणजे पाप, या भीतीने मी गप्प राहायची.

सासूबाईंनी ते ओळखले. एका संध्याकाळी त्यांनी पवित्र शास्त्र माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, “हबक्कूक काढ. मला आता अक्षर दिसत नाही, तूच वाच.” 1972 च्या दुष्काळात त्या नवी नवरी होत्या. दिवसभर पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची, सुकडी खायची, आणि रात्री चिमणीच्या उजेडात त्यांचे सासरे घरच्यांना हेच पुस्तक वाचून दाखवायचे.

हबक्कूक हा जुन्या करारातला संदेष्टा. पुस्तक अवघे तीन अध्यायांचे. त्याची सुरुवातच गाऱ्हाण्याने होते. आपण हाका मारतो आणि देव ऐकत नाही, असे तो देवालाच सुनावतो. मग पहारेकऱ्यासारखा उभा राहून उत्तराची वाट पाहतो. शेवटी बाग, शेत, गोठा सगळे रिकामे झाले तरी देवाला सोडणार नाही, त्यातच आनंद मानीन, असे म्हणतो. यंदा पीक भरघोस येईल, असा दिलासा त्या बोलण्यात नाही.

मी वाचता वाचता थांबले. सासूबाई म्हणाल्या, “पोरी, परक्याशी कोण भांडतं? भांडण आपल्याच माणसाशी होतं. भांड देवाशी, पण बोलणं टाकू नको.” त्या रात्री मी पोटभर रडले, देवाशी भांडले. धनी गेल्यानंतरची माझी ती पहिली खरी प्रार्थना.

आमच्या नगर भागात लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घरोघर घेतात. 1895 साली त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांचाही संसार असाच दिशाहीन झाला. त्या काही एका रात्रीत सावरल्या नाहीत. आधी मनातला जातीचा विटाळ गेला, मग हळूहळू विश्वास आला. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे सारे न लपवता सांगितले आहे. ते वाचून मला धीर आला की उशीर लागला तरी चालतो.

खरिपाची पेरणी शेजारच्या बापूंनी करून दिली. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, आमच्या भिंतीवर क्रूस. पण बैल सोडताना त्यांनी मजुरी घेतली नाही. रब्बीला मी कांदा लावला. त्या आठवड्यात लाइट रात्रीची होती. आयुष्यात पहिल्यांदा एकटी दारे धरायला गेले. हातात बॅटरी, पुढे मिट्ट काळोख. उजेड जेमतेम समोरच्या वाफ्यापुरता. तो भरला की पाऊल पुढे, तेव्हा दुसरा वाफा दिसे. असे करता करता पहाटे सारे रान भिजले.

बांधावर बसल्यावर मनात आले, मी देवाकडे विहिरीपासून शेवटच्या बांधापर्यंतचा उजेड मागत होते. त्याने मात्र एका वाफ्यापुरता दिला, आणि तेवढ्यावर काम झाले. प्रभू येशूचे शिष्यही वधस्तंभानंतर दार लावून बसले होते. पुढचे त्यांना तरी कुठे दिसत होते?

त्या वर्षी कांद्याचा बाजार पडला. कर्ज निम्मेच फिटले. धन्याची आठवण तर धार काढताना रोज येते. तेव्हा विश्वासाने सारे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. पण सकाळी उठून पुढच्या कामाला हात घालण्याचे बळ मिळते, आणि ते माझे एकटीचे नाही, हे मला कळते.

बहिणींनो, ज्यांच्या घरी असा अंधार असेल त्यांनी सारे वर्ष एकदम डोळ्यांपुढे आणू नये. देवाशी मोकळे बोलावे, शेजाऱ्याचा हात नाकारू नये, आणि आजचा वाफा तेवढा भरावा.