नांदूर मध्यमेश्वरचे वारकरी



वाचकहो, आपल्या संप्रदायात नदी म्हटली की आधी वाळवंट आठवते. चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहिलेले नामदेवरायांचे कीर्तन आठवते. पैठणला तापल्या वाळूत रडणारे लेकरू कडेवर उचलून घेणारे नाथमहाराज आठवतात. पण नदी प्रत्येक ठिकाणी वाळूच देते असे नाही. कुठे तिचा वेग मंदावतो, ती ऐसपैस पसरते, गाळ टाकते, आणि तिथे पाणथळ तयार होते. अशा एका पाणथळीच्या काठची वाट आज सांगणार आहे. गेले तीन हिवाळे आमच्या घरातली थोरली-धाकटी माणसे तिथे एकत्र चालतात. मधली काही वर्षे आमच्या घरातले असे चालणे बंदच पडले होते.

त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर गोदामाई उगम पावते, तिथेच निवृत्तिनाथांची समाधी. खाली पैठणला नाथांची. या दोहोंच्या मधल्या वाटेवर, निफाड तालुक्यात, कादवा नदी तिला येऊन मिळते. त्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत बंधारा घातला गेला, त्याला आता शंभर वर्षे होऊन गेली. त्याच्या दोन कालव्यांनी खाली कोपरगाव-राहात्याकडे उसाचे मळे उभे केले. बंधाऱ्याच्या मागे मात्र वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, मधून मधून बेटे वर आली, पाणकणीस माजले आणि पाखरांनी मुक्काम ठोकला. १९८६ साली ते अभयारण्य झाले. २०२० साली त्याचे नाव जगभरच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेले. महाराष्ट्रातले हे त्या यादीतले पहिले ठिकाण. रामसर हे इराणमधले गाव, तिथे १९७१ साली पाणथळी राखण्याचा करार झाला होता. आमच्या नातीने मात्र 'रामाचे सर' असा अर्थ लावला आहे, आणि तो मोडून काढायची घाई मी केलेली नाही.

आता घरची गोष्ट. आमच्या सौभाग्यवतीने एकतीस वर्षे आषाढीची वाट पायी केली, बहुतेक वेळा डोईवर तुळस घेऊन. चार वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टरांनी सांगितले की सपाट जागेवर रोज चाला; चढउतार, खडी आणि गर्दी टाळा. म्हणजे वारी संपली. तिने हूं की चूं केले नाही, पण त्यानंतर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. अंगणात चार फेऱ्या मार म्हटले की म्हणायची, "अहो, कुठं पोहोचायचंय म्हणून चालू?"

कीर्तनात कोणी असे विचारले असते तर दोन दृष्टांत देऊन मी मोकळा झालो असतो. पंचेचाळीस वर्षे तोच व्यवसाय केला. पण जी बाई एकतीस वेळा पंढरीला चालत गेली तिला चालण्यावर निरूपण काय ऐकवायचे? मी गप्प बसलो.

मुलाने तोड काढली. मार्गशीर्षातल्या एका रविवारी, मध्यमेश्वर महादेवाचे दर्शन घ्यायचे म्हणून त्याने आम्हाला गाडीत घातले, आणि दर्शन झाल्यावर चापडगावच्या बाजूला पाण्याच्या काठावर आणून उतरवले. काळ्या मातीचा सपाट मुलूख. एका हाताला पाणी, वर बाभळींची सावली, कुठे चढ नाही की उतार नाही. सौ. काठी टेकत दहा पावले गेली, थांबली, पुन्हा दहा पावले गेली.

दिंडीत चाललेल्यांना ठाऊक आहे की दिंडीची चाल सर्वांत पुढचा ठरवीत नाही. मागे म्हातारीकोतारी असली की विणेकऱ्याचे पाऊल आपोआप आखडते. इथेही तेच झाले. नातू अकरा वर्षांचा, पुढे पळत सुटला आणि पाखरांचा एक थवा उठवून बसला. तेव्हापासून त्याला चोपदार केले आहे: पुढे राहायचे, पण आजीची काठी दिसेल इतकेच पुढे. सहा वर्षांची नात आजीचे बोट धरून चालते. कोण कोणाला सांभाळते ते विचारू नये.

त्या पहिल्या दिवशी पाण्यावर शेकडो काळी पाखरे तरंगत होती. बदकाएवढी, पण बदके नव्हेत. सर्वांग बुक्क्यासारखे काळे, आणि कपाळावर चोचीपासून वर गेलेला पांढराशुभ्र टिळा. नातीने नाव विचारले. सोबत आलेला गावचा वाटाड्या पोरगा सहज म्हणाला, "वारकरी." सौ. जागच्या जागी थांबली. "काय म्हणालास?" "वारकरी म्हणतात आजी याला. कोणी चांदवा पण म्हणतं." बुक्का आणि गोपीचंदन लावलेली एवढी मंडळी एका ठिकाणी तिने बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. ती काठावरच बसली. पिशवीतून माळ काढली आणि पाखरामागे एक मणी सोडू लागली. माळ एकदा पुरी झाली, दुसऱ्यांदा झाली, पाखरे उरलीच.

या पक्ष्याला जागच्या जागी भरारी घेता येत नाही. उडायच्या आधी तो पंख फडफडवीत पाण्यावरून पावले टाकीत दूरवर धावतो. डोक्यावरून शिकारी घार फिरली की सगळे एकदम धावतात आणि पाण्याचा फाडफाड आवाज उठतो. वेळापूरचा धावा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना निराळे वर्णन नको.

आणखीही पाहायला पुष्कळ आहे. चोचीच्या मुळाशी लाल ठिपके आणि टोकाला पिवळा रंग असलेले हळदीकुंकू बदक बायांना फार आवडते. दृष्टांतांतला चक्रवाक इथे थंडीत प्रत्यक्ष भेटतो, नारिंगी अंगाचा, हिमालयापलीकडून आलेला. रात्री त्यांची ताटातूट होते असे कवी सांगत आले. दिवसा मात्र जोडी शेजारी शेजारी चरताना दिसते.

एक गोष्ट मला जड गेली. आयुष्यभर समोरच्यांना "बोला" म्हणत आलो, टाळ-मृदंगाशिवाय चालणे ठाऊक नव्हते. इथे आवाज चालत नाही. पाखरे दूर जातात, आणि ती इथे पोट भरायला, विसाव्याला आलेली असतात. तेव्हा नामस्मरण मनातल्या मनात. टाळ आणू नका, मोबाइलवर भजनेही लावू नका.

जायचे असेल तर कार्तिकी आटोपल्यावर जा. माघापर्यंत दिवस चांगले. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायांना सोडत नाही, म्हाताऱ्यांना तर नकोच. नाशिकहून सुमारे ४० किलोमीटर. उजाडता पोहोचा, पण निफाडची थंडी राज्यात नावाजलेली आहे, कानटोपी आणि घोंगडी विसरू नका. वनखात्याचे निरीक्षण मनोरे आहेत. गुडघे दुखत असतील तर जिना न चढता खालूनही पुष्कळ दिसते. दुर्बीण एक असली तरी घरभर पुरते. पाखरांना पुण्य म्हणून शेव-चुरमुरे टाकू नका. त्यांचे अन्न त्या गाळात आहे.

बोचणारी गोष्टही सांगितली पाहिजे. काही जागी जलपर्णीने पाणी पार झाकून टाकले आहे. वरच्या अंगाने येणाऱ्या सांडपाण्यावर ती पोसते. आपणही तीर्थ म्हणून ओंजळ भरतो आणि त्याच पाण्यात निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी सोडतो. त्या पहिल्या दिवशी काठाला लागलेली अशी एक पिशवी सौ.ने काठीने ओढून घेतली आणि गाडीत ठेवली. तेव्हापासून आमच्या पिशवीत एक रिकामी पिशवी असते.

तिने तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही, आणि मीही उत्तराची आठवण काढलेली नाही. मागच्या माघात आम्ही पहिल्या मनोऱ्यापर्यंत गेलो, मध्ये तीनदा बसून. यंदा त्याच्या पुढच्या बाभळींपर्यंत जायचे असे तिनेच ठरवले आहे. काठीच्या टोकाचे रबर झिजले आहे, ते निघण्याआधी बदलून आणायला मला दोनदा बजावून झाले आहे.