पहिल्या सॉकेटातला व्हॉल्व्ह

मॅरँट्झ ७ या प्रीअँपमध्ये सहा १२एएक्स७ व्हॉल्व्ह असतात. त्यांतले पाच मी आजही बोलता बोलता निवडून देतो. सहावा, म्हणजे फोनोचा पहिला, कधी कधी आख्खा आठवडा खातो. माझं डोकं कित्येक वर्षं या एकाच सॉकेटाभोवती फिरतंय. हल्ली जास्तच, कारण त्या जागेसाठी व्हॉल्व्ह पारखणारे माझे कान आता उतरणीला लागलेत. कानाच्या डॉक्टरांनी काढलेल्या आलेखात चार हजार हर्ट्झच्या पुढे रेघ घसरत गेली आहे. वयोमानाने असं होतंच, असं ते म्हणाले. होत असेल. पण मी आजवर जे काही नाव कमावलं ते त्या रेघेच्या जिवावर.

हा सॉकेट इतका हट्टी का, ते या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. एमएम कार्ट्रिजमधून पाचेक मिलिव्होल्ट येतात, तेही गाणं भरात असताना. नुसता तंबोरा वाजतोय, षड्ज अजून लागायचाय, अशा वेळी ग्रिडवर पोचतात ते मोजके मायक्रोव्होल्ट. वर आरआयएएचा वक्र २० हर्ट्झपाशी वीसेक डेसिबल उचलून धरतो आणि २० हजारांपाशी जवळजवळ तितकंच दाबतो. म्हणजे पहिल्या व्हॉल्व्हची खालच्या पट्टीतली गुरगुर, मधूनच येणारं ते ‘भुस्स’, सगळं फुगून बाहेर येतं. पुढचे पाच व्हॉल्व्ह कितीही महागडे घाला, पहिल्याने केलेली घाण ते इमानाने मोठी करून दाखवतात.

टेस्टर इथे कामाचा नाही. तो जीएम दाखवील, दोन ट्रायोड जुळतात का ते दाखवील. पण ग्रिडची ती केसाहून बारीक तार आपल्या जागी घट्ट आहे का, अभ्रकाच्या चकतीतलं भोक सैल झालंय का, हे त्याला कळत नाही. तार थरथरली की कॅथोडपासूनचं अंतर बदलतं, अंतराबरोबर करंट बदलतो, आणि व्हॉल्व्ह चक्क ऐकू लागतो. सुई उचलून ठेवा, व्हॉल्यूम ऐकतो तितका करा आणि पेन्सिलीच्या मागच्या रबराने काचेवर हलकी टिचकी मारा. चांगला व्हॉल्व्ह ‘टक’ म्हणतो आणि गप्प होतो. वाईट ‘टिंऽऽग’ करत रेंगाळतो. खरी पंचाईत त्यांच्या मधल्यांची. बाकावर गुणी वाटलेला व्हॉल्व्ह गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात, स्पीकरच्या खर्जाने कपाट हादरलं की, गायला लागतो. म्हणून मी आता बाकावरसुद्धा स्पीकर शेजारीच ठेवतो. काचेवर चढवायच्या रबरी कड्यांनी झंकाराची पट्टी तेवढी बदलते, रोग जात नाही.

लांब प्लेटच्या जुन्या मुलार्डवर माझं प्रेम आहे. सतरा मिलिमीटरच्या त्या प्लेटा बघायलाही देखण्या. पण पहिल्या जागी मी त्या घालत नाही. लांब अंगाचा व्हॉल्व्ह लवकर थरथरतो, आणि इथे गोडवा नंतर, शांतता आधी. ५७५१ घालून आवाज शांत झाला म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्याचा म्यू ७०, १२एएक्स७चा १००. मॅरँट्झमध्ये आरआयएए फीडबॅकवर बेतलेला आहे. पहिल्या व्हॉल्व्हची वाढच कमी केली की खर्जासाठी शिल्लक राहणारा फीडबॅक आटतो आणि वक्र कलतो. शांतता मिळते, पण पखवाज हलका होऊन.

बाजाराबद्दल न बोललेलंच बरं, तरी बोलतो. टेलिफुंकन म्हणून जे खपवतात त्यावरची छपाई आज कुणीही करून देतो. खऱ्याच्या बुडाला, पिनांच्या मधोमध, काचेतच उमटवलेला पत्त्यातल्या चौकटीचा ठसा असतो. तो मात्र छापता येत नाही. मुलार्ड असेल तर काचेवर कोरलेल्या बारीक संकेतात ब्लॅकबर्न कारखान्याचा ‘बी’ शोधायचा. २०२२ साली रशियाने निर्यात थांबवल्याची बातमी आली आणि साधे चालू उत्पादनाचे व्हॉल्व्हही लोकांनी सोन्यासारखे दडवले. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. त्यांचे जुने व्हॉल्व्ह लॅमिंग्टन रोडवर कुणी विचारेना, तेव्हा मी खोकी भरून घेतले. त्यातले काही पहिल्या सॉकेटात युरोपीय नावांच्या तोडीस तोड शांत निघाले. नावावर भाव देणाऱ्यांना हे पटत नाही. हेच लोक दर रविवारी व्हॉल्व्ह बदलतात, सॉकेटाच्या पकडी सैल करून ठेवतात, आणि मग खरखर झाली की दोष नव्या व्हॉल्व्हला.

माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. हात हलका, बोलणं कमी. एकदा किशोरीताईंच्या भूपाची एलपी लावून मी तिला दोन व्हॉल्व्ह ऐकवत होतो. ती म्हणाली, “काका, दुसऱ्यात तंबोऱ्याची जवारी जरा खुलते, पण वर एक बारीक ‘सीऽऽ’ आहे. पहिल्यात नाही.” मला दोन्ही सारखेच शांत वाटत होते. तेव्हापासून आम्ही कामं वाटून घेतली. वरचा फुत्कार तिने ऐकायचा. खालची गुरगुर आणि मधल्या पट्टीतला टिचकीचा झंकार, तिथे माझे कान अजून शाबूत आहेत, ते मी.

हे सहज झालं असं दाखवणार नाही. डोळे मिटून बसायचं, लोकांनी श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघायचं आणि मी हळूच म्हणायचं, “हा घ्या.” या क्षणाची मला चटक होती. खोक्यावर माझ्या अक्षरात ‘पहिला’ असं लिहिलेला व्हॉल्व्ह मुंबईचे शौकीन चार पैसे जास्त देऊन नेत. व्हॉल्व्हच्या गुणाइतकीच ती माझ्या कानाची किंमत आहे, असं मी धरून चालायचो आणि मला ते आवडायचं. मिरजेचे कारागीर जवारी काढतात तेव्हा घोडीखाली आपली सही घालत नाहीत. मी मात्र चिठ्ठी डकवायचो, आणि अजूनही डकवतो.

आता चिठ्ठीवर दोन अक्षरं असतात. वरचं तिचं. एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, “हे दुसरं अक्षर कुणाचं?” मी म्हणालो, “ज्यांना ऐकू येतं त्यांचं.” हे म्हणताना माझ्या आवाजात मोठेपणा होता, हे मला कळलं. तोही माझाच. व्हॉल्व्ह दोन दिवस तापत ठेवायचा, मग शेवटची टिचकी मारायची, ती मात्र अजून मीच मारतो. तिच्या हातात ती पेन्सिल द्यायला मी तयार नाही, आणि त्याच्या कारणाचा कानांशी काही संबंध नाही.