बाईसुद्धा घोरते!

मैत्रिणींनो, घोरण्यावरचे विनोद आपण सगळ्यांनी ऐकलेले आहेत. त्यांत घोरतो तो नेहमी नवरा, आणि कानावर उशी दाबून कूस बदलते ती बायको. उलट असलं तर मात्र त्याचा विनोद होत नाही, लाज होते. लग्नघरात दहाजणी ओळीनं झोपतात. सकाळी चहाच्या वेळी कुणीतरी म्हणतं, "काल रात्री कोण गं एवढं घोरत होतं?" जिच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळतात, तिला कुठे तोंड लपवू असं होतं. मी त्यातलीच एक. वय सदतीस, अंगानं बारीक, घरात दोन मुलं, आणि सकाळच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते.

माझं दुखणं घोरण्यापासून सुरू झालं नाही, थकव्यापासून झालं. आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड, तोंड कोरडं. निबंध तपासता तपासता डोळा लागायचा आणि लाल पेनची वेडीवाकडी रेघ वहीभर जायची. गॅसवर दूध ठेवून बसल्या जागी झोप लागायची. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक. मग ज्याला त्याला एकच उत्तर सुचायचं, "घर, शाळा, मुलं, दमणारच बाई!" आपल्या थकव्याला कारण लागत नाही, असं जणू सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं असतं.

कारण सापडलं ते दाताच्या दवाखान्यात. दाढ भरायला गेले होते. डॉक्टरीणबाई औषध भिजवत होत्या, तेवढ्यात खुर्चीतच मला पेंग आली. त्यांनी तोंड पुन्हा एकदा नीट पाहिलं. दाढांचे माथे झिजलेले, जिभेच्या कडांवर दातांचे वण, आणि खालचा जबडा लहान, जरासा मागे गेलेला. "एवढ्यावरून निदान होत नाही," त्या म्हणाल्या, "पण घरी विचारा, झोपेत तुमचा श्वास मध्येच थांबतो का?"

घरी विचारलं, तर हे गप्पच झाले. मला वाईट वाटेल म्हणून इतकी वर्षं काही बोलले नव्हते. त्या रात्री त्यांनी मोबाईलवर आवाज टिपून ठेवला आणि सकाळी ऐकवला. आधी घोरणं. मग एकाएकी शांतता. मी घड्याळाकडे पाहत होते. सतरा सेकंद! मग बुडणारा माणूस पाण्यावर डोकं काढतो, तसा श्वास. घोरण्याची लाज तिथेच संपली, कारण ती शांतता मला ऐकवेना.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी समजावलं, ते माझ्या शब्दांत सांगते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींची जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे सरकून वाट अरुंद होते, आणि घोरणं सुरू होतं. वाट पुरतीच मिटली की श्वास थांबतो. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा करतो, आणि हे रात्रभर चालतं. आपल्याला सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही. ह्याला म्हणतात स्लीप ॲप्निया. जाड माणसांत तो जास्त दिसतो, पण जबडा लहान असला तर बारकीलाही होतो. पाळी गेल्यानंतर बायकांत त्याचं प्रमाण वाढतं. उपचार न करता राहिला तर रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. गाडी चालवताना डुलकी लागली तर काय होईल, ते सांगायला नकोच.

पुढे झोपेची तपासणी. नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, एवढं लावून मी घरीच झोपले. ताशी किती वेळा श्वास थांबतो किंवा फार मंदावतो, ते त्यात मोजतात. पाचच्या आत असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यावर तीव्र. माझा आकडा आला १८.

ह्यावरचा मुख्य उपाय म्हणजे सीपॅप. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली तो जगापुढे मांडला. नाकावर मास्क लावायचा, आणि यंत्रातून येणारी दाबाची हवा घशाची वाट उघडी ठेवते. आजार तीव्र असेल तर आधी हाच करावा. मी दीड महिना प्रयत्न केला, दोनदा मास्क बदलून पाहिला, पण झोपेत हातानं काढून टाकायची. तेव्हा डॉक्टरांनीच चिठ्ठी देऊन मला पुन्हा दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

त्यांनी वरच्या-खालच्या दातांची मापं घेऊन दोन साचे करवले. रात्री ते दातांवर चढवायचे. दोन्ही एकमेकांना असे जोडलेले की खालचा जबडा थोडा पुढे धरला जातो. जबड्याबरोबर जीभही पुढे येते आणि मागची वाट मोकळी राहते. जबडा एकदम पुढे ओढत नाहीत, दर भेटीत थोडा थोडा सरकवतात.

पहिले आठ दिवस उशी लाळेनं भिजायची. सकाळी जबडा अवघडलेला असायचा, दात नीट मिटत नसत, पोळी चावताना परकं वाटायचं. गरम फडक्याचा शेक आणि शिकवलेला व्यायाम यांनी ते तासाभरात जायचं. तीन महिन्यांनी, साचे तोंडात ठेवूनच, पुन्हा तपासणी केली. १८ वरून ५! पण खरं सांगू? मला आकड्याआधीच कळलं होतं. एका शनिवारी दुपारी चाळीस वह्या तपासून झाल्या, आणि एकाही वहीवर रेघ नव्हती.

आता थोडं कामाचं:

साचे मऊ ब्रशनं, साध्या साबणानं, गार पाण्यात धुवावेत. कढत पाणी नको, आकार बिघडतो. हवा खेळेल अशा डबीत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत.

दर सहा महिन्यांनी दाखवून यावं. वर्षानुवर्षं वापरून दात हळूहळू सरकू शकतात.

दात हलत असतील, हिरड्यांचा आजार असेल, पूर्ण कवळी असेल किंवा जबड्याचा सांधा दुखत असेल, तर आधी स्पष्ट सांगावं. सगळ्यांना हा उपाय चालत नाही.

कुशीवर झोपल्यानं काहींना फरक पडतो. वजन जास्त असेल तर कमी करावं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेची गोळी घेऊ नये, त्यानं घसा आणखी सैल पडू शकतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, तपासणीशिवाय बाजारातला तयार साचा आणून घालू नये. घोरणं थांबेल, पण श्वास थांबणं चालूच राहिलं तर कळणार कुणाला?

आमच्या सासूबाईंना दोन वर्षांपासून रक्तदाब आहे. परवा त्या हळूच म्हणाल्या, "मलाही रात्री मध्येच दचकून जाग येते गं." पुढच्या आठवड्यात त्यांची तपासणी आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, सकाळी उठल्यावर झोप झाल्यासारखी वाटत नसेल, तर संकोच न करता घरच्यांना विचारा, "मी घोरते का, आणि मध्येच गप्प होते का?" उत्तर 'हो' आलं, तर आधी डॉक्टरांकडे जा, आणि दाताचे डॉक्टरही ह्यात मदत करू शकतात हे लक्षात ठेवा.