यंत्राआधी मांडीचे बळ

शेगावहून पंढरपूरला निघालेली श्रीगजानन महाराजांची पालखी मेडशीतून जाते. ती येण्यास दोन महिने असताना सत्तरी ओलांडलेले एक काका दवाखान्यात आले. मुलाने मोबाईलवर पाठवलेली चित्रफीत दाखवून म्हणाले, "डॉक्टरसायेब, हे बांधलं त पालखीसंगं मालेगावलोक चालता येईन काय?"

चीनमधील ताईशान पर्वतावर २०२५ मध्ये पर्यटकांना भाड्याने मिळू लागलेले ते यंत्र होते. वजन सुमारे १.८ किलो. कंबरेजवळची मोटर चालण्याची लय ओळखून मांडी उचलण्यास जोर देते. श्रम हलके होतात; परंतु शरीराचा भार गुडघ्यांवरच राहतो आणि तोल आपणच सावरावा लागतो.

मी काकांना हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठावयास सांगितले. तिसऱ्या खेपेस पाय थरथरले. मग हृदय तपासून व्यायाम सांगितला: खुर्ची भिंतीला टेकवून, जवळ कुणी असताना, सकाळ-संध्याकाळ दहादा उठबस, छातीत दुखले वा धाप लागली तर तत्काळ थांबणे.

पालखी आली तेव्हा काका मालेगावपर्यंत गेले नाहीत. मात्र गावाच्या वेशीपर्यंत काठी टेकत, स्वतःच्या पायांनी चालले. निरोप देऊन परतताना म्हणाले, "पुढच्या साली अजून थोडं."