एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, पण आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. गणिताच्या तासाला आमच्या मुलांचा हात ओळीच्या मध्येच दिशा बदलतो. मुलांना त्याचं काही वाटत नाही. अडचण वेगळीच आहे. गणित आपल्यासाठी नाही, त्यातही मुलींसाठी तर नाहीच, ही समजूत मुलं दप्तराबरोबर घरून घेऊन येतात. बाजारहाटाचा हिशेब आला, खूप झालं!

बी.एड.च्या पाठ टाचणात प्रस्तावनेचा रकाना असतो. माझा तो रकाना एका संख्येने भरतो : १४२८५७. तिला २ ने गुणा, २८५७१४. ३ ने गुणा, ४२८५७१. ४ ने ५७१४२८, ५ ने ७१४२८५, ६ ने ८५७१४२. तेच सहा अंक, त्याच क्रमाने. फक्त सुरुवात वेगळी. वर्गात कुजबुज सुरू होते. मग ७ ने गुणायला सांगते. उत्तर येतं ९९९९९९.

एका वर्षी आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, ये तावीज का नंबर है क्या?" हसण्यावारी नेण्यासारखा तो प्रश्न नव्हता. आमच्या वस्तीत आकड्यांचे चौकोन लिहिलेले तावीज गळ्यात असतात. गाडीला ७८६ नंबर मिळावा म्हणून लोक जादा पैसे मोजतात. आकड्यात ताकद असते, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. मी खडू तिच्या हातात दिला आणि १ ला ७ ने भागायला सांगितलं.

बाकी उरत गेली ती अशी : ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. सातने भागताना शून्य सोडून सहाच बाक्या उरू शकतात. इथे त्या सगळ्या एकेकदा येऊन जातात. १ परत आला की चक्र पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एक सप्तमांश म्हणजे ०.१४२८५७१४२८५७... दोन सप्तमांश काढताना आपण त्याच चक्रात २ या बाकीपासून चालू लागतो, म्हणून २८५७१४. सारी करामत बाकीची. हा शब्दही उर्दूत आणि मराठीत एकच.

अशा संख्यांमध्ये आयुष्यभर रमलेला माणूस आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) देवळालीत शाळामास्तर होते. बी.एस्सी.च्या पुढची पदवी नव्हती. त्यांनी संख्यांची एक जातच शोधली. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. आमची १४२८५७ त्याच जातीची. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. २०४०८ आणि १२२४४९ मिळवा, १४२८५७ परत हजर! १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांविषयी लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर गेलं. निवृत्त होऊन त्यांना तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी १३ ने भागून आणलं. तिथे सहा-सहा अंकांची दोन वेगळी चक्रं निघतात, ०७६९२३ आणि १५३८४६. "सातचं एक, तेराची दोन, असं का?" याचं खरं उत्तर कॉलेजच्या गणितात आहे. आमची शाळा दहावीपर्यंतच. तिच्या अब्बांना मी भेटायला बोलावलं ते याच एका प्रश्नासाठी.