न निघालेल्या किटांची यादी

प्लास्टिकची मॉडेल किट्स जोडणाऱ्या प्रत्येकाकडे दोन याद्या असतात. एक कपाटात रचलेल्या खोक्यांची, दुसरी कुठल्याही कंपनीने अजून न काढलेल्या किटांची. दुसरी कागदावर असेलच असे नाही, पण ती आयुष्यभर चालू राहते आणि वयाप्रमाणे बदलत जाते.

दहा-बाराव्या वर्षी ही यादी भाबडी असते. जे विमान पाहिले, जो रणगाडा चित्रात दिसला, ते खोक्यात मिळावे एवढेच मागणे. ब्रिटनमधल्या मुलांचे ते बऱ्याच अंशी पुरे झाले. फ्रॉग कंपनीने १९३६ मध्ये ‘पेंग्विन’ मालिकेतून १:७२ प्रमाणातली विमाने आणली. या प्रमाणात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. युद्धानंतर १९५३ मध्ये एअरफिक्सचे स्पिटफायर आले आणि वूलवर्थच्या दुकानांतून ते खाऊच्या पैशांत मिळू लागले. मुंबई-पुण्याच्या मुलापर्यंत किट पोचे ते बहुधा परदेशातून आलेल्या काका-मामाच्या बॅगेतून, आणि काकांना दुकानात जे दिसले तेच त्याचे आवडते विमान ठरे. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात खरेखुरे ‘मारुत’ हे भारतीय लढाऊ विमान उभे आहे. शाळेच्या सहलीत त्याच्याभोवती फिरून आलेला मुलगा घरी मात्र मेसरश्मिट चिकटवत बसे.

यादीतली नावे वर्षानुवर्षे तशीच का राहतात, हे कळायला थोडे मोठे व्हावे लागते. किटाचे भाग म्हणजे पोलादी साच्याच्या दोन अर्धांमध्ये दाबाने भरलेले वितळलेले पॉलिस्टायरीन. मोदकाच्या साच्यासारखाच हा साचाही उघडताना आतला आकार सहज सुटला पाहिजे. म्हणून प्रत्येक कडेला किंचित उतार द्यावा लागतो, आणि भाग फार जाड झाला तर थंड होताना पृष्ठभागावर खळगा पडतो. पूर्वी लाकडाची मोठी प्रतिकृती करून पँटोग्राफने तिचे आकार लहान करत पोलादात उतरवत. आता संगणकावरचे आरेखन आणि विद्युत ठिणग्यांनी धातू झिजवणारी यंत्रे ते काम करतात. प्लास्टिक स्वस्त असते. सगळा खर्च साच्याचा, आणि तो पहिले खोके विकण्याआधीच होऊन बसतो. त्यामुळे कंपनी असे विमान शोधते, ज्याच्या एकाच साच्यातून चार उपप्रकार निघतील आणि ज्याला दहा देशांची डिकल्स, म्हणजे चिकटवायची चिन्हे, लावता येतील. स्पिटफायर या हिशेबात नेहमी बसते. एकाच हवाई दलाने वापरलेले विमान बसत नाही.

मारुतचे उदाहरण इथे बोलके आहे. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याची दोन लढाऊ विमाने पाहा. पहिले फोके-वुल्फ १९०, दुसऱ्या महायुद्धातले, वीस हजारांवर बनलेले. दुसरे एचएफ-२४ मारुत, बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आखलेले. १७ जून १९६१ रोजी ते प्रथम उडाले. त्याला हवे तसे जोरकस इंजिन कधीच मिळाले नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे स्वप्न सोडून ते जमिनीवर मारा करणारे विमान म्हणून राहिले आणि १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर लढले. एकूण १४७ मारुत बनले. टँक यांचे पहिले विमान टामिया, हासेगावा, रेव्हेल, एअरफिक्स या सगळ्यांनी काढले, काहींनी तर पुन्हा पुन्हा. दुसरे यांपैकी कोणीही काढलेले नाही. फोके-वुल्फचे आणखी एक नवे, ‘अधिक अचूक’ किट जाहीर झाले की भारतीय मॉडेलर कपाळाला हात लावतो. व्यापाराचे गणित मात्र कंपनीच्या बाजूने आहे.

कधीकधी विमान मिळते, पण भलतेच. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी सेबर विमानांशी झुंजलेले नॅट एका आसनाचे होते. ब्रिटनमध्ये नॅट म्हणजे ‘रेड ॲरोज’ या कसरती पथकाचे लाल, दोन आसनांचे प्रशिक्षण विमान. एअरफिक्सने अर्थातच ते काढले. भारतीय नॅट हवे असलेल्याने पुढे करवत घेऊन कॉकपिट कापावे आणि पुट्टीने नाक घडवावे, असाच रिवाज झाला. अखेर झेक प्रजासत्ताकातल्या स्पेशल हॉबी कंपनीने एका आसनाचे नॅट आणले, त्यापाठोपाठ भारतीय बनावटीचे ‘अजित’ही. अशा कंपन्या कमी आयुष्याच्या, स्वस्त साच्यांवर काम करतात. भाग जरा जाड येतात, ते जुळवायच्या खुंट्या नसतात, घासकाम फार पडते. पण मोठ्यांनी टाळलेले विषय त्यांच्याकडेच मिळतात.

मागणे पुरे होण्याचेही तऱ्हेवाईक प्रकार आहेत. समुद्रावर गस्त घालणाऱ्या शॅकल्टन विमानासाठी १:७२ वाल्यांना कित्येक वर्षे फ्रॉगच्या जुन्या किटावर भागवावे लागले. मग २०१५-१६ च्या सुमारास एअरफिक्स आणि रेव्हेल या दोघांनीही आपापले शॅकल्टन बाजारात आणले. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी तर पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या हौसेपायी न्यूझीलंडमध्ये ‘विंगनट विंग्ज’ ही कंपनीच काढली. २००९ पासून तिची १:३२ प्रमाणातली देखणी किट्स येत राहिली, आणि २०२० मध्ये ती बंद पडली. तिने जाहीर केलेले भलेमोठे लँकॅस्टर बॉम्बफेकी विमान शेवटी ‘बॉर्डर मॉडेल’ या चिनी कंपनीच्या नावाने आले.

चाळिशीपर्यंत मॉडेलर वाट पाहणे सोडून देतो. प्लास्टिकचे पत्रे कापून, जुन्या किटांचे पंख जोडून हवे ते विमान तो स्वतःच उभे करतो. वर्षभर खपून ते पुरे झाले की पुढच्याच महिन्यात त्याच विमानाचे किट जाहीर होते, ही या छंदातली जुनी थट्टा. त्यात सूक्ष्म खेदही आहे, कारण नवे किट त्या वर्षभराच्या हातकामाची किंमत एका दिवसात शून्य करते.

साठीनंतर यादी आखडते. कपाटातली खोकी उरलेल्या आयुष्यात जोडून होणार नाहीत हे दिसत असते, नजर साथ देत नाही, आणि मागणी विमानाकडून तपशिलाकडे सरकते: बरोबर रंगाचे डिकल, नीट आकाराची काच, आसनाचे पट्टे. त्रिमितीय छपाईने हे पुष्कळ सोपे केले आहे. तिथे साचाच नसल्याने दहा गिऱ्हाइके असली तरी चालतात. फक्त थरांच्या रेषा घासून काढाव्या लागतात आणि रेझिन ठिसूळ असते.

पोलादी साच्यातल्या मारुतसाठी मोजमापाची अडचण नाही. वरळीखेरीज बंगळूर, पालम आणि म्युनिकजवळच्या श्लाइसहाइम इथल्या संग्रहालयांत ते उभे आहे, आणि एका साच्याला थोडे भाग जोडून दोन आसनांचा प्रकारही निघेल. अडचण एकाच हवाई दलाच्या डिकल्सची आहे. त्यामुळे ते किट कधी आलेच, तर टामियाकडून येण्यापेक्षा एखाद्या छोट्या झेक कारखान्यातून, जाड पंखांसह आणि खुंट्यांशिवाय येण्याचा संभव अधिक.