दोन हजार लिटरचा आधार

टोकियोहून शिनकान्सेनने उएदा गाठायचे आणि तिथून शिनानो रेल्वेची छोटी गाडी पकडायची. थोड्याच वेळात तानाका स्टेशन येते. नागानो प्रांतातले तोमी शहर ते हेच. खाली चिकुमा नदी, वर डोंगरउतार आणि उतारावर अक्रोडाची झाडे व द्राक्षांच्या रांगा. जपानमध्ये खायची द्राक्षे आपल्या नाशिककडच्यासारखी मांडवावर चढवतात. इथली वाइनची द्राक्षे मात्र तारांवर, कुंपणासारखी उभी वाढतात.

पूर्वी या भागात रेशमासाठी तुती लावत. तो धंदा बसला, तरुण शहरात गेले आणि शेते ओस पडू लागली. १९९१ मध्ये लेखक आणि चित्रकार तामामुरा तोयोओ येथे राहायला आले. त्यांनी ८५० मीटर उंचीवर वेली लावल्या. वाइनचा परवाना हाती आला तो २००३ मध्ये!

अडचण कायद्याची होती. परवान्यासाठी वर्षाला किमान ६,००० लिटर, म्हणजे नेहमीच्या ८,००० बाटल्या वाइन काढावी लागे. नोकरी सोडून साठवलेल्या पैशांवर शेती करू पाहणाऱ्याला हे कसे झेपावे? २००८ मध्ये तोमीला ‘वाइन विशेष क्षेत्रा’ची सवलत मिळाली आणि तिथल्या द्राक्षांसाठी ही अट २,००० लिटरवर आली. मग कचेरीतली खुर्ची सोडून आलेल्यांनाही छोटी वायनरी आवाक्यातली वाटू लागली.

तरीही हे काम उतावळ्याचे नव्हे. वेल लावल्यावर पहिले थोडे फळ धरायलाच तीनेक वर्षे जातात. तोवर घर चालवायचे, पावसाळा नि वादळे सोसायची. यंत्रे महाग, म्हणून अनेकजण सुरुवातीला आपली द्राक्षे दुसऱ्याच्या वायनरीत देऊन वाइन करून घेतात. तामामुरांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये सुरू झालेली ‘आर्क-आँ-विन्ये’ वायनरी अशा नवख्यांची वाइन करून देते आणि तिथल्या वर्गात वेलीच्या छाटणीपासून हिशेबापर्यंतचे शिक्षणही मिळते.

परदेशी स्वस्त वाइनशी किमतीत टक्कर देणे या छोट्यांना कठीणच. २०१८ पासून ‘जपानी वाइन’ हे नाव फक्त देशातच पिकलेल्या द्राक्षांपासून तिथेच केलेल्या वाइनला लावता येते, एवढा दिलासा आहे. पण खरी मिळकत वेगळीच. ज्या उतारावर गवत माजले असते, तिथे आज कुणीतरी पहाटे कात्री घेऊन उभे असते.